राजाचं वावर

अमरावतीहून अकोल्याकडे धावणाऱ्या भाड्याच्या बसमध्ये आम्ही शाळकरी मुलांसाठी नाटक करायचो. मी पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला राजा. खिडकीबाहेरच्या शेताकडे हात करून विचारायचो, "हे वावर कोणाचं?" मुलं ओरडायची, "राजाचं!"

एकदा रस्त्यात एका म्हातारीनं हात दाखवला आणि ड्रायव्हरनं सवयीनं गाडी थांबवली. मी चिडलो, पण ती चढून बसलीसुद्धा. पुढे मी तोच प्रश्न विचारला, मुलं तशीच ओरडली.

"राजाचं कावून? माह्यं हाये थे," ती म्हणाली. "थांबव बापू."

उतरून ती कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीत सरळ चालत गेली. मुलं खिडक्यांना चिकटून बघत राहिली. टाळ्या कुणालाच सुचल्या नाहीत.

एका मुलीनं हळूच विचारलं, "राजा, आता तुमी कुठी उतरसान?"