तळवे ओळखणारी वाल्बुर्गा

त्या शनिवारी रेमिगी इमहोल्त्सनं चार गोळ्या अगदी मनापासून झाडल्या आणि चारही शेजारच्या टार्गेटवर गेल्या. शेजारी कुणी ऐरागैरा असता तर बिअरच्या एका बाटलीवर मिटलं असतं. पण शेजारी नेम धरून पालथी पडली होती वाल्बुर्गा फुरर. वय चौऱ्याहत्तर, नेमबाजीच्या रेंजची मास्तरीण, आणि त्या घटकेपर्यंत एकही गोळी न चुकलेली. आपण न मारलेली गोळी समोरच्या, नेम कुठं लागला ते दाखवणाऱ्या पडद्यावर उमटलेली पाहून तिनं आधी चष्मा पुसला. दुसरी उमटली तेव्हा बंदूक खाली ठेवली. चौथीला कानावरचं झाकण काढलं आणि मान न वळवता म्हणाली, "रेमिगी, माझं मी मारते रे. तू तुझं बघ."

रेंजभर हशा पिकला. हसणाऱ्यांचं काय जातं! दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेली गोळी म्हणजे आपल्या नावावर शून्य, आणि तीनापेक्षा जास्त शून्यं झाली की गडी नापास. इथं प्रत्येक गडी राखीव शिपाई; लष्करानं दिलेली बंदूक घरच्या कपाटात ठेवायची तर वर्षातून एकदा, ऑगस्ट संपायच्या आत, वीस गोळ्या मारून पास व्हायचं. या खोऱ्यात ते केस कापून येण्याइतकं साधं काम. रेमिगी जूनमध्ये नापास झाला होता, आता दुसऱ्यांदा झाला. उरला ऑगस्टमधला शेवटचा शनिवार. तोही हुकला की कच्च्या नेमबाजांच्या शिकवणीला बोलावणं येणार. बरं, रेमिगी गावचा एकुलता एक खाटीक. त्याच्याकडे न येऊन कुणाला भागणार? अख्खं गाव एकेक करून येणार, सॉसेज मागणार आणि म्हणणार, "नेम धरून काप हं, रेमिगी!" अजून पस्तीस वर्षं तरी त्याला दुकान चालवायचं होतं.

वाल्बुर्गा त्याला रागावली नाही. ती नुसती त्याच्या बुटांकडे बघत राहिली.

बूट बघण्याची तिची सवय जुनी. विशीत ती क्लबात आली तेव्हा बायकांनी बंदूक धरायची नाही, मागच्या टेबलावर बसून गुण लिहायचे, असा रिवाज होता. त्या टेबलावरून माणसाचं तोंड दिसत नाही, दिसतात ते पालथ्या पडलेल्या माणसाचे तळवे. अकरा वर्षं तिनं गावातल्या यच्चयावत पुरुषांचे तळवे पाहिले. हळूहळू तिला गोळी सुटायच्या आधीच कळायला लागलं, ती कुठं जाणार. एकदा तर तिनं आकडा आधी लिहिला आणि गोळी नंतर सुटली. त्यावरून सभा भरली. आकडा बरोबर निघाला म्हणून सभेला काही करता येईना. पुढं बायकांना परवानगी मिळाली, तेव्हा वाल्बुर्गा जाऊन पालथी पडली आणि पहिल्याच वर्षी गुणांत अध्यक्षांच्या वर गेली. पोटापाण्याला ती पोस्टात होती. अडतीस वर्षं डोंगरावरच्या घरांना टपाल वाटलं. लोक सांगतात, ती दारात उभ्या माणसाला "नमस्कार" त्याच्या पायांकडे बघूनच घालायची.

बुधवारी दुपारी दुकान बंद असतं. वाल्बुर्गा चटई काखेत मारून हजर झाली.

"झोप."

"इथं? दुकानात?"

"मग काय चर्चमध्ये? झोप पालथा. बंदूक नको, तो झाडू घे."

भिंतीवर दोन चित्रं होती, एक डुकराचं, एक गाईचं. कुठला तुकडा कुठून निघतो ते दाखवणारी. "डुकरावर नेम धर," ती म्हणाली. रेमिगीनं धरला. "आता डोळे मीट. दोनदा श्वास घे, सोड, अंग सैल टाक. हं, उघड."

रेमिगीनं डोळे उघडले. झाडू गाईकडे वळला होता.

"बघ! तू मारणार डुकराला आणि मरणार गाय. तुझं अंग तिकडं पडलंय आणि तू हातानं ओढून इकडं आणतोस. गोळी सुटताना हात दमतो, अंग आपल्या जागी जातं."

"मग हात जास्त घट्ट धरू?"

"मुळीच नाही! मांसानं धरतोस म्हणून तर थरथरतोस. हाडावर टेकव. कोपर खाली रोव, वजन हाडाला दे. दुकानात मांसाला भाव, इथं हाडाला. तुम्हा खाटकांना ते कळायला जरा वेळच लागतो."

मग तिनं त्याचा डावा बूट धरून ओढला, कंबर हातभर सरकवली, उजवा गुडघा वर घ्यायला लावला. पोट मोकळं झालं तसा रेमिगीचा श्वासही मोकळा झाला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर सरपंचीणबाई उभ्या होत्या. आत खाटीक झाडू घेऊन पालथा, आणि म्हातारी त्याच्या टाचेवर उभी. बाई आल्या पावली परतल्या. संध्याकाळपर्यंत शेवटच्या गोठ्यापर्यंत बातमी पोचली.

त्यामुळे शेवटच्या शनिवारी गर्दी जरा जास्तच होती. रेमिगी घाबरला आणि घाबरलेला माणूस जुन्या सवयीकडे पळतो. पहिल्या आठ गोळ्यांत तीन शेजारी गेल्या. तीन शून्यं! आता एक जरी चुकली तरी संपलं.

मागून वाल्बुर्गा आली. बुटाच्या टोकानं त्याच्या तळव्याला हलकेच टोचलं.

रेमिगीनं डोळे मिटले. श्वास सोडला. उघडले, तर समोर शेजाऱ्याचं टार्गेट. हातानं बंदूक ओढली नाही, कंबर सरकवली. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. आता समोर स्वतःचं टार्गेट, तेही आपण होऊन आल्यासारखं. उरलेल्या बारा गोळ्या त्याच्याच टार्गेटवर गेल्या. पास व्हायला बेचाळीस गुण लागतात, एकोणपन्नास झाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेमिगी मात्र उठेना. बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली, गाल चटईवर टेकला आणि म्हणाला, "वाल्बुर्गा, आयुष्यात पहिल्यांदा अंगाचं ओझं वाटत नाही बघ. आत्ता कळलं मला, नेमबाजी म्हणजे डोळ्यांचा खेळ नाहीच, ती एक प्रकारची शांतता—"

"ऊठ. मागे रांग लागलीय."