सासूबाईंचे हात, बेटावर

माझ्या सासूबाई भागीरथाबाई कोणाच्याही चेहऱ्याला बोटं लावत नाहीत. स्वतःच्यासुद्धा. कपाळावरचे केस मनगटानं मागे सारतात, डोळ्याला खाज आली तर दंडानं घासतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाईंना संधिवात असावा. मग सुशीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खरं काय ते सांगितलं. भिवापूरला मिरचीचे देठ खुडण्यात त्यांची उभी हयात गेली. हंगामात दिवसभर लाल ढिगापुढे बसायचं आणि हातांची आग घेऊन घरी यायचं. सुशील रांगता असताना त्यांनी एकदा लाडानं त्याचे गाल धरले. पोरगं डोळे चोळत असं रडलं, की शेजारपाजार गोळा झाला. तेव्हापासून बोटं बंद.

मी हे हसण्यावारी नेलं असतं, पण आमची जया झाली. सासूबाईंची पहिली नात, नावही त्यांनीच ठेवलेलं. दर रविवारी भिवापूरहून एसटीनं शहराजवळच्या वाडीला आमच्या खोलीवर येतात, तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणतात, आणि गाल मात्र मनगटानं कुरवाळतात. जया बोट धरायला झेपावली की मूठ मिटून घेतात.

"आई, साबणानं धुतले ना हात?" मी विचारायची.

"वरून धुतले वं. आतमंदी मुरली हाये ते मिरची."

मला फार वाईट वाटायचं, आणि रागही तितकाच यायचा. एवढ्या मायेच्या आजीला एवढीशी नात नीट हातात धरता येऊ नये, हे काही मला पटत नव्हतं.

बेटावर जायचा हट्ट माझाच. सुशील ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर सुपरवायझर आहे. देशभराचा माल त्याच्यासमोरून जातो, तो स्वतः मात्र जवळच्या बुटीबोरीच्या पुढे सरकत नाही. या दिवाळीत समुद्र पाहायचा, आणि आईंना घेऊनच पाहायचा, असं मी जाहीर करून टाकलं.

"पाणी पाहाले इतक्या दूर काहून?" सासूबाई म्हणाल्या. "अंबाझरीचा तलाव आटला काय?" पण पिशवी सगळ्यांच्या आधी त्यांचीच भरून तयार होती.

रेल्वे, मग बस, मग होडी. मालवणकडचं ते बेट इतकं लहान, की एका टोकाला भांडण झालं तर दुसऱ्या टोकाचे मिटवायला येतील. होडीत सासूबाई लाटांकडे एकटक बघत होत्या. शेवटी होडीवाल्याला म्हणाल्या, "हे हालनं बंद कधी होते गा?" तो बिचारा नुसता हसला.

पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या पार्वतीकाकूंच्या घरी आम्ही उतरलो होतो. त्यांचं नारळाचं कालवण सासूबाईंना अगदीच गोडमिट्ट लागलं. त्यांनी पिशवीतून भिवापुरी तिखटाची पुडी काढली आणि चमच्यानं काकूंच्या वाटीत थोडं टाकलं. काकू तांब्याभर पाणी प्यायल्या, नाक पुसलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. तिथून दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनीच सासूबाईंना हात धरून पाण्यात नेलं. मी जयाला घेऊन काठावर, सुशील घोट्याएवढ्या पाण्यात. सासूबाई आधी घाबरल्या, मग लहान पोरीसारख्या दोन्ही हातांनी पाणी उडवायला लागल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एक लाट थेट तोंडावर आली आणि त्यांचे डोळे झोंबले.

"वंदना वं, लेकराले दूर ने," त्या मला ओरडून म्हणाल्या. "मिरची सुटून राहिली पाण्यात."

बाजूला एक कुटुंब आंघोळ करत होतं. त्यांनाही सासूबाईंनी डोळे मिटायला लावले. हातात मुरलेली सगळी मिरची समुद्रात उतरली, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

काकू पोट धरून हसत होत्या. "अगो बाय, मिरची खंयची? ह्यां झोंबणां खाऱ्या पाण्याचां."

सासूबाईंचा विश्वास बसेना. वाळूवर येऊन त्यांनी पिण्याच्या पाण्यानं हात धुतले आणि एक बोट जिभेला लावलं. मग तेच बोट त्यांनी स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. थांबल्या. दुसऱ्या डोळ्याला लावलं. पुन्हा थांबल्या.

"गेली काय वं?" त्यांनी हळूच विचारलं.

मिरचीचा हंगाम उन्हाळ्यातच संपला होता, म्हणजे हात केव्हाचेच निवळले होते. आता दिवाळी. पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

"गेली, आई. समुद्रानं नेली."

मी जयाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले, मागे घेतले, परत पुढे केले, आणि तिचे गाल धरले. जया रडली नाही. तिनं आजीचा अंगठा पकडला आणि सरळ तोंडात घातला.

"कशी नरम हाये वं हे," सासूबाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ तेवढंच म्हणत राहिल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सुशील केव्हाचा उभा राहून बघत होता. तो आला आणि आईसमोर वाळूत गुडघे टेकून बसला.

"अन् मायी बारी?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग जयाला माझ्याकडे दिलं आणि तेच ओले हात त्याच्या गालांवर ठेवले.

"दाढी टोचून राहिली तुयी," त्या म्हणाल्या, पण हात काही काढले नाहीत.