पॅरिसचा तह आणि काकांची यादी

आमच्या फ्लॅटमधल्या काकांना न विचारता अमेरिका जन्माला आलीच कशी, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. नव्वदच्या दशकात कुवेतला, अब्बासियातल्या त्या दोन खोल्यांत मी सामान घेऊन शिरलो, तेव्हा हे गुहागरकडचे पाइप फोरमन लुंगी गुंडाळून कांदा चिरत होते. माझं नाव-गाव न विचारता म्हणाले, "सतराशे त्र्याऐंशी साली पॅरिसला तह झाला, ठाऊक आहे?" माझ्या हातातली बॅग खालीच पडली. आखाती युद्धानंतर मीना अल-अहमदीची रिफायनरी दुरुस्त करायला आलेला कुणी अमेरिकन इंजिनियर जाताना साइटच्या केबिनमध्ये एक जाडजूड पुस्तक विसरून गेला होता. अठराव्या शतकातले अमेरिकेचे सगळे तह त्यात होते. काकांनी ते डिक्शनरी घेऊन चार वर्षांत संपवलं आणि पुढची दहा वर्षं आमच्या कानांत ओतलं.

त्या तहांचा त्यांना राग येई, तोही खराखुरा. पॅरिसच्या तहात इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी सरहद्द आखली ती एका सरोवराच्या कोपऱ्यातून सरळ पश्चिमेला, मिसिसिपी नदीपर्यंत. आणि नदी तेवढ्या उत्तरेला पोचतच नाही! हे कळलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. "मेल्या, ड्रॉइंगवर जॉइंट दाखवलाय आणि साइटवर पाइपच नाही! वर सह्या करून मोकळे!" कंपनीच्या बसमध्ये ते असे ओरडले, की घरी कुणी गेलं असावं असं वाटून एका इजिप्शियन वेल्डरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझं दूध आणि त्यांचे बांगडे एकाच फ्रिजमध्ये राहायचे, म्हणून त्यांनी आमच्यातही सात कलमांचा तह केला. मी हसत हसत सही केली. काकांनी आंघोळ करून केली. "वाचल्याशिवाय सही नाही, आणि सहीनंतर कुरकूर नाही," हा त्यांचा बाणा.

अशा माणसानं एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरवलं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका नाशिककर इंजिनियरांचा मुलगा पुण्याला नोकरीत होता. एका शुक्रवारी आमच्याच खोलीत याद्या झाल्या. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, लिहायला मी. मानपान, मुहूर्त, वऱ्हाडाची सोय. तीन तास काकांनी एकेक शब्द घासून घेतला. सह्या झाल्या, पेढे वाटले. मग त्यांनी ऐटीत घरी फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

पलीकडे मुलीनं सगळी यादी ऐकून घेतली. मग म्हणाली, "बाबा, पॅरिसच्या तहात इंग्रजांनी ज्यांच्या जमिनी परस्पर देऊन टाकल्या, त्या तिथल्या मूळच्या लोकांना बैठकीला बोलावलंच नव्हतं. मी दहावीत असताना तुम्हीच पत्रात लिहिलं होतंत. किती चिडला होतात तुम्ही! मग मला का नाही विचारलंत?"

काकांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. मीही हादरलो. तीन तास तिचं लग्न मी माझ्या हातानं लिहीत होतो, आणि तिचं मत काय, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काका तो कागद घेऊन इंजिनियरांकडे गेले. मी सोबत होतो. "अहो, सह्या झाल्यात! आता लोकांना काय सांगू मी?" इंजिनियर संतापले. सहीनंतर कुरकूर न करणारे आमचे काका दारातच हात जोडून उभे राहिले. "माझी चूक झाली. जिचं लग्न, तिला विचारायचं राहिलं." आम्हाला कुणी आत बोलावलं नाही.

काका महिन्याची रजा काढून गावी गेले. परतल्यावर मी आधी विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणाली. पुढे शिकायचंय तिला." ते पलंगावर बसले, बूटही काढले नाहीत. "दोन वर्षांनी एकदा जायचो रे. पत्रांत सगळं मीच बोलत होतो. या वेळी रोज पडवीत बसून ती बोलली, मी ऐकलं." मग म्हणाले, "माझी मुलगी एवढी बोलते, हे मला ठाऊकच नव्हतं."