निळ्या उजेडाचा चष्मा

डोळ्यांची इतक्या निष्ठेने काळजी घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. सांगवीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. वेल्डर होता. मोबाइलला हात लावण्याआधी निळा उजेड अडवणारा चष्मा डबीतून काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि पूजेला बसल्यासारखा चढवायचा.

त्या आठवड्यात कंपनीत डोळ्यांची तपासणी होती. नापास झाला तर वेल्डिंगवरून थेट पॅकिंगला, आणि तिथे ओव्हरटाइम नाही. म्हणून तो एक डोळा झाकून खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचायचा आणि बरोबर का, ते मला विचारायचा. डाव्या डोळ्याच्या वेळी मी दोनदा खोटं बोललो.

“मोबाइलनं वाट लावली, राव,” तो म्हणाला.

“वेल्डिंग करताना तोंडापुढे काच धरता ना?”

“मोठ्या वेल्डला धरतो. बारीक टाक्याला कोण धरतंय? डोळा मिटला की झालं.”

“दिवसाला किती टाके?”

त्याने जरा विचार केला. “पाच-सहाशे.”

कंपनीचं गेट आलं. त्याने चष्मा पुसून डबीत ठेवला. कामावर तो लावत नव्हता. ठिणग्यांनी काच खराब होते.