तेविसाव्या पानावरचा खटका

"ताई, हे बघा. पान तेवीस." जनूभाऊंनी माझीच पुस्तिका माझ्या टेबलावर उघडून ठेवली. "आता याचं पेटंट काढून द्या."



२००७ सालची गोष्ट. मी पेटंट एजंट, म्हणजे लोकांचे शोध कायद्याच्या भाषेत मांडून पेटंट ऑफिसात अर्ज करणारी. या कामासाठी सरकारी परीक्षा असते. तिच्या नोट्सची पुस्तिका मी शहापूरच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये छापून घ्यायचे आणि मुलांना पोस्टाने पाठवायचे. मुलांना धडकी भरते ती ड्राफ्टिंगच्या प्रश्नाची. एखादं यंत्र देतात आणि त्यात नवीन काय ते नेमक्या शब्दांत लिहायला सांगतात. सरावाला सगळीकडे तेच ते प्रश्न असायचे. मला काहीतरी ताजं हवं होतं.

जनूभाऊंचं टोकावड्याला वेल्डिंगचं दुकान. आमच्याकडे वाळलेलं गवत दाबून, तारेने गाठी बांधून तबेल्यांना विकतात. दाबयंत्राला दोन माणसं लागतात. एकाने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने तार बांधायची. जनूभाऊंनी एक खटका बसवला, त्यात दांडा खाली अडकून राहायचा. गाठ एकट्यालाही बांधता यायची. यंत्र अजून दुकानाच्या मागच्या खोलीतच होतं, बाहेर कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं आणि विचारलं, "प्रश्न म्हणून छापू का? खाली तुमचं नाव टाकते."

"छापा की. पोरं शिकतील," ते म्हणाले. लाजले, पण खूश होते.

अर्ज करण्याआधी कुणाला काही दाखवू नका, हे मी येणाऱ्या प्रत्येक क्लायंटला बजावते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात क्लायंट नव्हताच, प्रश्नपत्रिका होती.

आता भिवंडीचा एक कारखानदार हे यंत्र बनवायला आणि जनूभाऊंना हिस्सा द्यायला तयार झाला होता. अट एकच, पेटंट हवं.

"जनूभाऊ, पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. अर्जाआधी छापून बाहेर गेली, की कायद्याने ती नवी राहत नाही."

"पण छापलं तर तुमी."

"हो. मीच."

"किती गेल्या?"

"दीडशे. एक गेली असती तरी तेच."

त्यांनी पुस्तिका मिटली. मग मी त्यांना कायद्यातली एक सूट सांगितली. शोध लावणाऱ्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणी छापलं आणि कळल्याबरोबर शोध लावणाऱ्याने अर्ज केला, तर त्याचा हक्क जात नाही.

"म्हंजे तुमी न इचारता छापलं, असं लिहून द्यायचं?"

खरं सांगते, त्यांनी हो म्हणावं असंच मला वाटत होतं. मी चोर ठरले असते, कदाचित माझं एजंटचं रजिस्ट्रेशनही गेलं असतं. पण या माणसाच्या तोंडचा घास मी काढला, हे तरी डोक्यावरून उतरलं असतं.

"नाय ताई," ते उठत म्हणाले. "तुमी इचारलं होतं. आमच्या मंडळींच्या समोर इचारलं होतं."

कारखानदाराने बोलणी थांबवली. पुढच्या हंगामात त्याची दाबयंत्रं मुरबाडच्या बाजारात आली, तोच खटका बसवलेली. कायद्याने त्यात काहीच चुकीचं नव्हतं. जनूभाऊ ती दुरुस्तीला घेतात.

सरावाची यंत्रं आता मी स्वतःच रचते, कुणाच्याही उपयोगाची नसलेली. कुणी नवं काही दाखवलं की आधी अर्जाचं विचारते. एवढं शिकायला जनूभाऊंचा खटका खर्ची पडला. मी तो न विचारता छापला असता, तर त्यांचा हक्क वाचला असता.