देवीदासचा पडदा

तिसरी घंटा होते. कुजबुज थांबते. पडद्यावर पांढुर्ण्याच्या पेंटरने काढलेला राजवाडा, पुढे कारंजं, कारंज्यापाशी दोन गुबगुबीत मोर. आणि मग तो अख्खा राजवाडा, धक्का नाही की कुरकुर नाही, धुरासारखा संथपणे वर निघून जातो. मागे दिसते एक साधी विहीर आणि विहिरीच्या काठाशी उभी असलेली इंदू.

सौंसरच्या जिनिंगसमोरच्या मैदानातली ही जयंतीची संध्याकाळ, साल १९८३. टाळ्या कडाडल्या, पण त्या इंदूसाठी नव्हत्या. तिला अजून कोण ओळखत होतं? टाळ्या पडद्याला होत्या, म्हणजेच देवीदासला.

देवीदास जिनिंगमधला हमाल. दिवसभर पाठीवर कापसाच्या गाठी वाहायच्या आणि जयंती जवळ आली की वस्तीच्या नाटकाचा पडदा सांभाळायचा. त्याने मंचाच्या दुप्पट उंचीचे बांबू पुरले होते. आडव्या बांबूला कप्पी बांधली होती. कप्पीवरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला पडदा आणि दुसऱ्या टोकाला, विंगेच्या आड, सरकीचं पोतं. जिनिंगमध्ये कापसातून निघालेल्या सरकीचे ढीगच पडलेले, मग दुसरं वजन शोधायचं कशाला? मूठमूठ सरकी घालत तो पोतं पडद्याच्या बरोबरीला आणायचा.

तालमीत इंदूने त्याला विचारलं होतं, "देवीदासभाऊ, एवढा जड पडदा एका हातानं कसा उचलता?"

"म्या कोठी उचलतो? इकून पडदा खाली ओढून राह्यला, तिकून पोतं ओढून राह्यलं. दोघाचा ओढा सारखा. मंग थो जाईन कोठी? जागच्या जागी उभा. जराकसा ढकलला का आपल्या चालीनं निंगते, अन् हात लावला का थांबते. पन एकीकडचं वजन वाढलं ना, मंग थो कोनाचं आयकत नाही. पयतच सुटते."

मंगला, नाटकातली इंदूची नणंद, तिथेच वेणी घालत बसली होती. "काहो भाऊ, घरी वहिनीचा अन् तुमचा ओढा सारखा हाय का?"

"थ्या अंगाचं वजन जास्त हाय, बाई. म्हून तं म्या जिनिंगमंदी पयतो!"

त्या हसण्यात इंदूची भीती थोडी पातळ झाली. तिचे वडील श्रावणजी यांनी नाटकाला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. "एक डाव करून पाह्य. लोक हसले तं हेच पहिलं अन् हेच शेवटचं." आणि आज ते पुढच्याच सतरंजीवर, काठीवर हनुवटी टेकवून बसले होते.

पहिला प्रवेश नीट पार पडला. दुसऱ्या प्रवेशात इंदूचं मोठं भाषण होतं. विहिरीचं पाणी सगळ्यांचं कसं, हे ती गावाला ठणकावून सांगते. ती दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, तोच समोरून कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कोणी. इंदूने नजर वर केली. पडद्याच्या खालच्या काठाचा बांबू हळूहळू तिच्या डोक्यावर उतरत होता. दोन्ही मोरांसकट.

झालं होतं असं. पडदा वर गेला की पोतं खाली यायचं. आणि खाली आलेलं सरकीचं पोतं वस्तीतल्या नत्थूजीच्या सुटलेल्या म्हशीला सापडलं. तिने कोपरा फाडला आणि चवीने खायला सुरुवात केली. वजन घटत गेलं. कप्पीच्या घासण्याने थोडा वेळ पडद्याला तोलून धरलं, पण शेवटी पडद्याचा ओढा भारी ठरला. पडदा खाली निघाला, पोतं वर निघालं, आणि म्हैस मान उंचावून त्याच्याकडे बघत राहिली.

हसू पसरत होतं. श्रावणजींची हनुवटी काठीवरून उठली.

आणि इंदूच्या कपाळापासून वीतभर अंतरावर तो बांबू थांबला. ठप्प!

तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. विंगेत देवीदास पोत्याकडचा दोर दोन्ही हातांनी धरून, टाच जमिनीत रोवून, मागे रेलून उभा होता. फाटक्या कोपऱ्यातून सरकी गळतच होती. जेवढी गळेल, तेवढा त्याला जास्त जोर लावावा लागत होता. दोर अडकवायला खुंटी नव्हती, कारण तशी गरज कधी पडलीच नव्हती. दंडाच्या शिरा तटतटलेल्या, चेहरा घामाने थबथबलेला. पडदा मात्र भिंतीसारखा निश्चल. त्याने तिच्याकडे बघून फक्त हनुवटी हलवली. बोल, पोरी, बोल.

इंदू बोलली. एक शब्द गाळला नाही, एक वाक्य घाईने उरकलं नाही. बांबूच्या खाली ताठ उभी राहून ती बोलली आणि हसणारे गप्प झाले. शेवटच्या वाक्याला प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या शकुबाईने पदर डोळ्यांना लावला. मग देवीदासने हातातून हळूहळू दोर सोडत पडदा तसाच संथ खाली आणला, जणू काही घडलंच नव्हतं.

श्रावणजी तडक मागे आले. "देवीदास, पडदा मधातच काहून थांबवला?"

सोललेले तळवे देवीदासने पाठीमागे नेले, ते मागे उभ्या असलेल्या इंदूला दिसले. "नाटकातच तसं हाय, श्रावणजी. जुलूम डोक्यावर येऊन राह्यला, असं दाखवाचं होतं."

श्रावणजींनी विचार केला. "मंग चांगलं दाखवलं," ते म्हणाले. "पुढच्या साली पोरीले याहून मोठं काम द्या."

मंगला तोंडात पदर कोंबून पळाली.

पुढच्या साली मोठं काम मिळालं. मग बोरगाव, पांढुर्णा, छिंदवाडा आणि शेवटी नागपूर. हार गळ्यात पडला की इंदूच्या डोळ्यांपुढे ते दोन तळवे यायचे. १९८८ मध्ये देवीदास छातीच्या दुखण्याने खाटेला खिळल्याचं कळलं, तेव्हा ती प्रयोगाच्या दिवशीच सकाळची बस धरून सौंसरला आली. त्याच्या खाटेशी बसली, त्याचा हात हातात घेतला.

"भाऊ, त्या दिवशी तुमच्यामुळे मी उभी राहिले."

देवीदासला बोलायला धाप लागत होती, पण तो हसला. मग तो जे बोलला, ते त्याचं शेवटचं बोलणं ठरलं.

"म्या कोठी उभं केलं? म्या तं पडदा धरून राह्यलो होतो, उभ्या तं तुमीच होत्या. जा आता, नागपूरची गाडी निंगून जाईन. तिथं लोक वाट पाहून राह्यले असतीन."