मीठ-हळदीचा जिताडा

तव्यावर मासा चरचरला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं उलटं. शेजारी कुणाकडे तवा तापला की मी आधी खिडकी लावून घेते. मासा ताजा असो, समुद्रातला असो, महागाचा असो, माझ्या नाकात पहिल्यांदा शिरतो तो घासलेटचाच वास. तिथे घासलेट नसतं हे मला कळतं, पण नाकाला कोण समजावणार?

आमचं घर भिवंडीत, खाडीच्या अंगाला. मागच्या दारात उभं राहिलं की आमचं खाजण दिसायचं. खाजण म्हणजे भरतीचं खारं पाणी जिथे येऊन जातं ती जमीन. माझ्या लहानपणी बांध घालून तिथे थोडा खारा भात पिकवायचे, आणि बांधाच्या दारात जाळं लावलं की मासा आपोआप सापडायचा. मासा करायची आमच्या घरी एकच रीत होती. तुकडीला मीठ, हळद आणि चिमूटभर तिखट चोळायचं, आणि चुलीवर तवा तापवून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजायची. लसूण नाही, आंबट नाही, वाटण नाही. ‘‘मसाला बाजारच्या शिळ्या माशाला. खाडीच्या मासळीला मीठ-हळद बास झालं,’’ असं बाबा म्हणायचा. हे तो इतक्या वेळा म्हणायचा, की कधी कधी वाटायचं मासा ह्यानेच जन्माला घातलाय.

सत्तर साल उलटलं आणि गावात जिकडे बघावं तिकडे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, झाले. लूम आले तसे कापड रंगवायचे कारखानेही आले. असाच एक कारखाना आमच्या खाजणावर उभा राहिला, बाबाने जागा भाड्याने दिली म्हणून. कारखान्याच्या मागून एक जाड पाइप काढला होता, तो सरळ खाडीत. आत ज्या रंगाचं कापड निघत असेल त्या रंगाचं पाणी आमच्या मागच्या दारी वाहायचं, कधी जांभळं, कधी शेवाळी, कधी नुसतं काळं. त्यावर तेलाचा तवंग. सुताला लावायची कांजी आंबून तिचा एक वेगळाच वास, उलटी झाल्यावर मोरीत राहतो ना, तसा. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर हा सगळा लगदा वाळत पडलेला दिसायचा, आणि त्याच लगद्यात मासे तोंड खुपसून चरत असायचे.

हे मासे आम्ही खात होतो. विळीवर मासा धरून पोट फाडलं की आतून काळपट, बुळबुळीत असं काहीतरी यायचं, ते पहिल्या पाण्याने जात नसे, दुसऱ्यानेही नाही. कल्ले लाल असायचे ते आता करड्या चिंध्यांसारखे दिसत. पण खरी गंमत तव्यावर. कच्च्या माशाला वास येतोय का नाही असं वाटावं एवढाच यायचा, आणि तापलेल्या तव्यावर तुकडी पडली की घासलेटचा भपकारा उठायचा. पहिला घास तोंडात फिरायचा, घशाखाली उतरायचाच नाही. मी ताट सरकवायची. आई खाली मान घालून भातात माशाचा तुकडा लपवून गिळायची. बाबा मात्र बोटं चाटायचा.

‘‘वास येतोय,’’ मी म्हणायची.

‘‘तुज्या नाकाला रोग झायलाय,’’ बाबा म्हणायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

घरातली गोम सगळ्यांना माहीत होती. मासा घाण झाला म्हटलं, तर पाणी घाण झालं म्हणावं लागलं असतं. पाणी घाण झालं म्हटलं, तर पाइप कुणाच्या जमिनीतून येतो हे बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मासा चांगला आहे म्हणणं सोपं. एकदा आळीतल्या काही बायका जाळ्यात आलेले मेलेले मासे टोपलीत घालून आमच्या दारात आल्या, तर बाबाने त्यांना उन्हामुळे मासळी मरते असं सांगून परत पाठवलं. त्या गेल्यावर कारखान्याचा मुकादम पान खात म्हणाला, ‘‘चाचा, पानी तो बह जाता है, अपना क्या!’’ आणि बाबा हसला. त्या हसण्याची मला त्या दिवशी माशापेक्षा जास्त किळस आली.

मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. आणि तशात स्थळ आलं, नदीकाठच्या अकलोलीचं. मुलगा एसटीत कंडक्टर. मी त्याला आधी एकदा लांबून पाहिलं होतं, एका लग्नात. जेवणाच्या पंगतीत तो म्हाताऱ्या बायकांना पाणी वाढत होता आणि कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तर त्याचं त्यालाच सुचलं म्हणून. मला तो आवडला, सरळ सांगते. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं. त्याची आई नव्हती. घरात सत्ता होती त्याच्या आत्याची, आणि मुलगी पसंत करायची ती आत्याच.

आमच्या घराण्यात मुलीला नुसती पाटावर बसवून बघत नाहीत. तिचा तवा बघतात. मुलाकडची मोठी बाई चुलीशी बसते, मुलगी तिच्यासमोर मासा भाजते, तोही मीठ-हळदीचाच, कारण वाटण-मसाल्याखाली कुणाचाही हात झाकला जातो. तुकडी करपली, मोडली, कच्ची राहिली तर मुलीला नावं ठेवायला पाव्हण्यांना तेवढं पुरतं. माझ्या आजीपासून हे चालत आलेलं. आता हीच रीत माझ्या गळ्याशी आली. आमची मासळी मीठ-हळदीत भाजायची म्हणजे घरभर घासलेट, आणि समोर आत्या!

मी बाबाला म्हटलं, ‘‘बाजारातून सुरमई आणू. नायतर पापलेट. समुद्राचं.’’

तो असा बघायला लागला की जणू मी त्याला लंगोटी विकायला सांगितली. ‘‘आपण खाडीची माणसं. पाव्हण्यांच्या ताटात इकतचा मासा? लोक तोंडात शेण घालतील!’’

‘‘आणि वास आला तर?’’

‘‘कसला वास?’’

आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

पाव्हणे यायच्या दिवशी बाबा स्वतः जाळं घेऊन गेला आणि भलामोठा जिताडा घेऊन आला. जिताडा म्हणजे आमच्याकडे माशांतला राजा, जावयाला, साहेबाला द्यायचा मासा. बाबाने तो शेपटीला धरून साऱ्या आळीला दाखवत आणला. मी तो विळीवर घेतला. खवल्यांवरून बोट फिरवलं तर बोटाला चिकट, तेलकट थर. मी तो मिठाने चोळला, पिठाने चोळला, चिंचेच्या कोळात ठेवला, राखेने घासला, पुन्हा धुतला. हाताची कातडी सोलायची वेळ आली. हात नाकाशी नेले तर वास तसाच. मग मी मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं, आईची बरी साडी नेसले आणि चूल पेटवायला बसले.

चूल मी पेटवली ती नारळाच्या शेंड्या आणि गोवरी घालून, फुंकणीने फुंकून फुंकून. हे मुद्दाम सांगते. पावसाळी हवा होती, लाकडं ओली होती, धुराने माझे डोळे लाल झाले होते. घासलेटची बाटली कोपऱ्यात होती, सगळ्यांच्या घरी असते तशी. तिला मी हातही लावला नव्हता.

आत्या येऊन माझ्याजवळ पाटावर बसली. हाडापेराने मोठी, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, बोलायला गोड. बाकीचे पुरुष पडवीत, पण दार उघडं होतं, आतलं त्यांना दिसत-ऐकू येत होतं. मी तवा ठेवला, तेल सोडलं, तुकड्या मांडल्या. तुकडी एकही चिकटली नाही की मोडली नाही. कडा तांबूस झाल्या तेव्हाच उलटल्या. इतकी सुरेख मासळी मी त्याआधी कधी भाजली नव्हती. आणि मग तो भपकारा उठला.

आत्याने नाकाला पदर लावला. इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या बाटलीवर गेली.

‘‘काय ग बाय, चूल घासलेट वतून पेटवलीस काय? माशाला वास लागलाय सगला.’’

तिचं काही चुकलं नाही. तिच्या गावची नदी स्वच्छ. मासा पाण्यामुळेही घाण होतो हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या लेखी मासा घाण करणारी मीच होते, आळशी पोर, जिला फुंकणी धरायचा कंटाळा.

मी पडवीकडे पाहिलं. बाबा दाराला टेकून बसला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. आमची खाडी आता पूर्वीची राहिली नाही, एवढंच. पाइपचं नावसुद्धा काढायची गरज नव्हती.

बाबा हसला. ‘‘काय सांगू आत्याबाय, लाडावलेली पोर हाय. फुकायचा कंटाला तिला. सवय न्हाय लावली आम्ही.’’

पडवीतले सगळे हसले. आईने पदराचं टोक तोंडात धरलं. माझे डोळे धुराने लाल होते, त्यामुळे त्यात आणखी पाणी आलं ते कुणाला कळलंच नाही. मी तोंड उघडलं असतं तर बाप खोटा ठरला असता, आणि बापाला पाव्हण्यांसमोर खोटं पाडणारी मुलगी कोण करून नेणार? त्याने हे सगळं ओळखूनच तोंड उघडलं होतं. मी तुकड्या ताटात काढल्या.

पाव्हण्यांनी एकेक घास कसाबसा चावला. बाबाने तीन तुकड्या मिटक्या मारत खाल्ल्या आणि जिताड्याचं कौतुक केलं. निघताना आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘हात चांगला हाय. बाकी शिकवू आम्ही.’’ लग्न ठरलं. मी आनंदाने रडायला हवं होतं, आणि मला बाबाच्या बोटांवरचं तेल दिसत होतं.

अकलोलीला माझं चांगलं चाललं. नवरा मला वाटला होता तसाच निघाला. फक्त एक गोष्ट सुटली नाही. गावात कुणी नवीन बाई घरी आली की आत्या हसत हसत सांगायची, आमची सून घासलेट ओतून चूल पेटवायची हो, मी वळण लावलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही हसायची. मासा मीच रांधायची आणि खायची मात्र नाही, तर तेही तिने माझं लाडावलेपण म्हणून खपवून घेतलं.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवू नये, ही रीत बाबाने पाळली. रीती तो सगळ्याच पाळायचा. माझी मुलगी झाली आणि मग तो आला. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळ करून, लालबुंद होऊन, भुकेजून पाटावर बसला. माझ्या नवऱ्याने नदीतला मरळ आणला होता. मी तो मीठ-हळद लावून तव्यावर टाकला. वास आला तो नुसत्या माशाचा आणि तेलाचा.

बाबाने पहिला घास तोंडात घातला आणि थांबला. चावायचाच थांबला. मग डोळे मिटून सावकाश चावू लागला. एक तुकडी संपली, दुसरी संपली. काटेसुद्धा चोखून बाजूला ठेवत होता. तेवढ्या वर्षांत त्याने जे खाल्लं ते काय होतं, हे त्याला कळत होतं. मला वाटलं, आता बोलेल. माझ्यापाशी नको, निदान आत्यापाशी.

आत्या कौतुकाने म्हणाली, ‘‘बघा पाव्हणं, आता येतोय का कुठं घासलेटचा वास?’’

‘‘न्हाय हो,’’ बाबा म्हणाला. ‘‘आमच्याकडं काय शिकलीच न्हाय ती. तुम्ही माणसात आणलीत.’’ आणि त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. ‘‘वाढ आणखी एक.’’

‘‘संपल्या,’’ मी म्हटलं.

तवा आमच्या दोघांच्या मध्ये चुलीवर होता. त्यावर चार तुकड्या चरचरत होत्या, आणि बाबा त्यांच्याकडेच बघत होता.